आमच्या ऑनलाइन ग्रुपच्या आभासी संसदेत पक्षांवर बंदी घालावी, की पक्षाच्या सदस्यसंख्येवर मर्यादा ठेवावी?

बंदी अजिबात नको. आमच्याकडे घातली होती आणि तिचा पहिला बळी मीच.

आमची संसद २१ जागांची. एका निवडणुकीत एका पक्षाला १३ जागा मिळाल्या आणि हरलेल्यांनी ओरड सुरू केली की पक्षांमुळे खेळाची मजा गेली. ठराव झाला: यापुढे सगळे अपक्ष. आम्ही पाच जणांनी उघड लिहिलं की अर्थसंकल्पावर आम्ही एकत्र मत देणार. दुसऱ्याच दिवशी 'गटबाजी' म्हणून माझी सदस्यता रद्द!

पुढे सभापतीच्या निवडीवर चर्चा चालू असताना एका अपक्षाने लांबलचक भाषण चिकटवलं. वरची ओळ पुसायची राहून गेली होती: 'हे तू टाक, दुसरं मी नऊनंतर टाकतो.' मिनिटाभरात उडवलं, पण स्क्रीनशॉट निघायचा तो निघालाच. खाजगी ग्रुपमध्ये अकरा जण निघाले. माझी जागा रिकामी, म्हणजे २० पैकी ११. कागदावर पक्ष एकही नाही, बहुमत मात्र पक्कं. आणि ग्रुप चालवत होते बंदीचा ठराव मांडणारे गृहस्थच.

खऱ्या देशांतही हेच झालंय. नेपाळच्या राजाने १९६० च्या अखेरीस निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं आणि लगेच पक्षांवर बंदी घातली, ती १९९० पर्यंत टिकली. १९९१ च्या निवडणुकीत बहुमत कुणाला? त्याच बंदी घातलेल्या नेपाळी काँग्रेसला.

सदस्यसंख्येच्या मर्यादेचं म्हणाल, तर एकाच पक्षाचे 'अ' आणि 'ब' असे दोन पक्ष होतील, बाकी काही नाही. एकाच पक्षाने सगळं खाऊ नये असं वाटत असेल तर मतमोजणी बदला. एका जागेला एक विजेता ठेवलात की मतं दोन मोठ्या पक्षांकडे ओढली जातात. मतांच्या प्रमाणात जागा द्या. जर्मनीसारखी ५ टक्क्यांची अट (त्याहून कमी मतं मिळालेल्या पक्षाला सहसा जागा नाही) वेगळी घालायची गरज नाही; २१ जागांमध्ये एका जागेला साधारण तेवढीच मतं लागतात. पक्षांच्या सदस्ययाद्या मात्र सर्वांना दिसल्या पाहिजेत.

हां, ग्रुप दहा-बारा जणांचाच असेल तर यातलं काही करू नका, सरळ हात वर करून मोजा.

त्या गृहस्थांचं आजही म्हणणं आहे की तो पक्ष नव्हता, मित्रांच्या गप्पा होत्या. मग मतदानाआधी हजेरी कशाला घेत होतात, हे मी तेव्हाच विचारलं होतं. उत्तर अजून आलेलं नाही.