आधी आकडा नीट घे

प्रिय डॉक्टर,

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला, तुझ्या थिसिससाठी गावात घेतलेल्या बीपीच्या रीडिंगचा ग्राफ पण मोठा करून बघितला. 120, 130, 140 वर उंच खांब आणि मधे जवळजवळ काहीच नाही. अगं, गावातल्या माणसांचं बीपी असं दहा-दहाच्या पायऱ्यांवर उभं नसतं, तिथे दिसतेय ती मोजणाऱ्यांची सवय. डायलवर दोन-दोनच्या रेषा असतात, त्या बघायला वेळ कोणाला, इंटर्नला दुपारच्या गाडीने परतायचं असतं, तो शेवटचा आकडा शून्य टाकून मोकळा होतो. हे तुला कळलंय म्हणूनच झोप उडालीय, आणि त्याबद्दल मला खरंच बरं वाटलं.

पण त्यापुढे तू जे लिहिलंयस त्याचा राग आला. तुझे थिसिसचे गाइड म्हणतात सगळ्यांचा डेटा असाच असतो, ॲनालिसिस करून टाक. आणि तू म्हणतेस की हे सोडून जीन्सवर काहीतरी घेऊ का, खरं संशोधन तिकडे आहे, दंडाला बीपीचा पट्टा बांधणं हे काय टेक्निशियनचं काम. जीन्सवर जरूर कर गं. 2018 साली दहा लाखांवर लोकांचा डेटा एकत्र करून बीपीशी संबंधित जीन्समधल्या शेकडो जागा सापडल्या, पण त्यातल्या एकेकीचा बीपीवरचा परिणाम बहुतेक ठिकाणी पाऱ्याच्या एका मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. आता तूच सांग, दहा मिलिमीटरला राउंड केलेल्या रीडिंगमधून तुला तुझ्या थिसिसच्या सॅम्पलवर तिथे काय दिसणार आहे? विषय कुठलाही घे, किडनी घे, मीठ घे, गरोदरपण घे, शेवटी फिरून दंडावरच्या पट्ट्यापाशी यावंच लागतं. आधी आकडा नीट घे.

राउंडिंगने सरासरी फारशी हलत नाही असं तुझा स्टॅटिस्टिशियन म्हणेल, आणि ते बरंचसं खरंही आहे. पण तू प्रिव्हलन्स, म्हणजे गावात किती जणांना हा आजार आहे ते, काढतेयस ना? 140 आणि त्यावर म्हणजे हायपरटेन्शन. मग 136 वाली बाई 140 लिहिली गेली की ती रोगी झाली. अशा किती जणी तुझ्या 140 च्या खांबात उभ्या आहेत? त्यांच्या घरी जाऊन कोणीतरी सांगितलंय की तुम्हाला बीपी आहे, गोळी चालू करा. आणि आपल्याकडच्या बारीक दंडाच्या बायकांना सरसकट मोठा पट्टा बांधला की रीडिंग कमी येतं, त्यांचं खरं बीपी वर असलं तरी त्या नॉर्मल म्हणून घरी जातात. जाड दंडाला नेहमीचा पट्टा बांधला तर उलटं. 2023 मध्ये अमेरिकेत तपासलं गेलं, ज्यांना एक्स्ट्रा लार्ज पट्टा लागतो त्यांना रेग्युलर बांधल्यावर वरचं बीपी सरासरी 19.5 ने जास्त आलं. दुसऱ्या एका अभ्यासात हात टेबलावर न ठेवता बाजूला लोंबता ठेवला तर साडेसहाने जास्त. म्हणजे पट्टा चुकला आणि हात लोंबता राहिला एवढ्याने माणूस पेशंट होतो.

आणि फरक छोटा म्हणून सोडता येत नाही. 61 अभ्यास आणि 10 लाख माणसं एकत्र करून 2002 मध्ये जे आलं ते तुला तोंडपाठ असायला हवं: चाळीस ते सत्तरीच्या दरम्यान वरचं बीपी 20 ने जास्त म्हणजे स्ट्रोकने मरण्याचा धोका दुपटीहून जास्त, आणि हे पार 115 पासून वर सुरू होतं. धोक्याला 140 ची भिंत नाहीये, ती आपण बांधलीय. स्प्रिंट ट्रायल आठव, बीपी किती खाली आणावं याची ती मोठी चाचणी, 9,361 लोक, वरचं बीपी 120 च्या खाली आणलं तर फायदा होतो हे 2015 मध्ये त्यांनी दाखवलं, आणि त्यानंतर वाद कशावर झाला? औषधांवर झालाच, पण सगळ्यात जास्त यावर की मोजताना खोलीत कोणी होतं का नव्हतं. पेशंटला पाच मिनिटं शांत बसवून मशीनने तीन रीडिंग घेतली होती, ते आपल्या ओपीडीतल्या धावत्या रीडिंगशी जुळवायचं कसं. एवढ्या मोठ्या ट्रायलचा अर्थ पाच मिनिटांच्या बसण्यावर अडला आणि तू पट्टा बांधणं हलकं काम म्हणतेस!

बीपी उतरवणारी सर्पगंधाची मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. जगाने नीट लक्ष दिलं ते मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये पेशंटांचे आकडे मांडले तेव्हा. मुळी तीच होती. तिच्या बाजूला आकडे उभे राहिले.

माझ्याबद्दल तू ऐकलं असशील. एका प्रोजेक्टमध्ये मी अर्धा डेटा परत घ्यायला लावला, वरच्यांना ते परवडणारं नव्हतं, प्रोजेक्ट बंद झाला. माझ्या बरोबरीचे लोक पेपरांच्या लांबलचक याद्या घेऊन रिटायर झाले, माझी यादी एका पानात मावते. त्याचं मला काही नाही. दुःख वेगळं आहे. त्या प्रोजेक्टवर एक नर्सताई होत्या, स्टेथोस्कोपवर त्यांचा कान इतका तयार की खालच्या बीपीचा आवाज जिथे बंद होतो ती रेष त्या दोन मिलिमीटरच्या आत सांगायच्या, कोणीही परत तपासावं. प्रोजेक्टबरोबर त्यांची नोकरी गेली. हट्टाची किंमत मी दिली असं लोक म्हणतात, पण जास्त त्यांनी दिली आणि ते मला आजही सलतं. तरी सांगते, तो डेटा मी तेव्हाही सही करून पुढे पाठवला नसता, आज पाठवणार नाही. कोणाच्या तरी दंडावरचा खोटा आकडा माझ्या नावाने छापला जाणं मला जमत नाही, बस. याला कोणी आडमुठेपणा म्हणो.

आता रडणं पुरे. सगळं फेकू नकोस. घेतलेल्या लोकांपैकी काही जण चिठ्ठ्या टाकून निवड आणि परत मोज. दंडाचा घेर आधी टेपने, मग पट्टा. लघवीला जाऊन यायला सांग, पाठ टेकून बसव, पाय खाली टेकलेले, हात टेबलावर, बोलायचं नाही, तूही नाही. पाच मिनिटं. तीन रीडिंग, तपासून घेतलेलं डिजिटल मशीन, स्क्रीनवर दिसेल तेच लिहायचं. जुनं आणि नवं शेजारी ठेवून दोन्ही थिसिसमध्ये छाप. ज्यांना चुकीचं सांगितलं गेलंय त्यांच्या घरी आशाताईंना घेऊन स्वतः जा. गोळी मात्र परस्पर बंद करायला सांगू नकोस, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटव.

एक्स्टेंशनचा अर्ज सोमवारी दे, कारण खरं तेच लिही. गाइडशी मी बोलू शकते, पण आधी तू बोल. आणि वेगवेगळ्या साइजचे पट्टे माझ्याकडे आहेत, येऊन घेऊन जा.

तुझी,
मॅडम