अँड्रोमेडा गॅलेक्सीच्या फोटोसाठी 8 इंची एफ/10 टेलिस्कोप घेऊ की छोटा अ‍ॅस्ट्रोग्राफ (खास फोटो काढायला बनवलेली दुर्बीण)?
छोटा अ‍ॅस्ट्रोग्राफच घ्या, 400 एमएमच्या आसपास फोकल लेंथवाला (ही जितकी जास्त, तितका आकाशाचा छोटा तुकडा फोटोत येतो), कारण अँड्रोमेडा आकाशात जवळपास 3 अंश पसरलीये, म्हणजे सहा पूर्णचंद्र ओळीने ठेवल्यासारखी, आणि 8 इंची एफ/10 ची फोकल लेंथ (एफ/10 म्हणजे व्यासाच्या दहापट) 2000 एमएमच्या वर जाते, त्यात एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला पाऊण अंशसुद्धा मावत नाही, नुसता मधला गाभा येतो. शिवाय त्याच कॅमेऱ्यावर एफ/5 ला जो प्रकाश 1 तासात जमतो त्याला एफ/10 वर 4 तास लागतात. फील्ड फ्लॅटनर (कोपऱ्यांपर्यंत तारे नीट गोल ठेवणारं जादा भिंग) आत बसवलेलाच बघा, साध्या रिफ्रॅक्टरमध्ये (भिंगाच्या दुर्बिणीत) कोपऱ्यातले तारे लांबट होतात, फार खटकतं ते. फक्त गुरू-शनीचेच फोटो हवे असतील तर मात्र उलट, तिथे 8 इंचीच बरा.