272 चा आकडा घटनेत नाही: त्रिशंकू लोकसभेवरची प्रश्नोत्तरे

प्रश्न: निकालात कोणत्याच पक्षाला बहुमत मिळालं नाही, तर राष्ट्रपतींनी आधी कोणाला बोलवायचं हे घटनेत लिहिलं आहे का?

नाही. कलम 75 एवढंच सांगतं की पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतील आणि मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल. मधली सगळी वाट संकेतांची, आणि ती प्रत्येक राष्ट्रपतींच्या काळात थोडी वळत गेली आहे.

1989 मध्ये काँग्रेसला 197 जागा मिळाल्या. सर्वांत मोठा पक्ष म्हणून आर. वेंकटरमण यांनी आधी राजीव गांधींना विचारलं. त्यांनी नकार दिल्यावर विश्वनाथ प्रताप सिंह यांची पाळी आली. 1996 मध्ये शंकरदयाळ शर्मा यांनीही सर्वांत मोठ्या पक्षालाच बोलावलं. भाजपच्या जागा होत्या 161. वाजपेयींनी 16 मे रोजी शपथ घेतली, पण पुरेसे पक्ष सोबत आले नाहीत आणि तेराव्या दिवशी, मतदानाआधीच, त्यांनी राजीनामा दिला.

1998 मध्ये के. आर. नारायणन यांनी हा क्रम उलटा केला: आधी पाठिंब्याची पत्रं दाखवा, मग शपथ. अण्णाद्रमुकच्या नेत्या जयललितांचं पत्र येईपर्यंत सरकारस्थापना अडून राहिली. पुढे 28 मार्चला वाजपेयींनी 274 विरुद्ध 261 मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला.

मला नारायणन यांची पद्धत अधिक योग्य वाटते. खुर्चीवर बसवून मग माणसं जमवायला मुदत दिली, की घोडेबाजाराला आयतं मैदान मिळतं. तरीही पत्र म्हणजे बहुमत नव्हे. बहुमताची परीक्षा सभागृहातच व्हायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या बोम्मई निकालात राज्य सरकारांच्या संदर्भात स्पष्ट केलं. केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगानेही राज्यपालांसाठी क्रम सुचवताना निवडणूकपूर्व आघाडीला पहिलं स्थान दिलं होतं. 2024 मध्ये हा पेच पडलाच नाही: भाजप 240 वर थांबला, पण निवडणुकीआधीपासून एकत्र असलेल्या राष्ट्रीय लोकशाही आघाडीकडे 293 जागा होत्या.

प्रश्न: 272 खासदार नसताना सरकार पाच वर्षं टिकू शकतं का?

टिकू शकतं, टिकलंही आहे. 272 हा आकडा घटनेत कुठेही नाही. लोकसभेच्या 543 जागांच्या निम्म्याहून जास्त होणारा तो पहिला आकडा, इतकाच त्याचा अर्थ. कलम 100 नुसार सभागृहात हजर राहून मतदान करणाऱ्यांचं बहुमत लागतं. म्हणून कोण गैरहजर राहिलं, कोण तटस्थ राहिलं, यावर सरकारांचं भवितव्य ठरतं.

1991 मध्ये पी. व्ही. नरसिंह राव यांनी अल्पमतातलं सरकार स्थापन केलं आणि पूर्ण मुदत चालवलं. पण 28 जुलै 1993 चा अविश्वास ठराव विसरता येत नाही. ठरावाच्या बाजूने 251, विरोधात 265, म्हणजे सरकार वाचलं. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी त्या मतदानासाठी पैसे घेतल्याचं प्रकरण न्यायालयात गेलं. लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्या खासदाराला कलम 105 चं (सभागृहातल्या भाषणासाठी आणि मतासाठी खटला न होण्याचं) संरक्षण आहे, असा निर्णय 1998 मध्ये आला. तो वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो फिरवला 4 मार्च 2024 रोजी. म्हणजे त्या मतदानानंतर तीस वर्षांनी.

प्रश्न: 1999 मध्ये एका मताने सरकार पडलं, ते मत नेमकं कोणाचं?

अण्णाद्रमुकने पाठिंबा काढल्यावर वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर 17 एप्रिलला मतदान झालं: बाजूने 269, विरोधात 270. चर्चा दोन नावांची होते. काँग्रेसचे गिरिधर गमांग ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण त्यांनी लोकसभेचा राजीनामा दिला नव्हता. मत द्यायचं की नाही हे लोकसभेचे अध्यक्ष जी. एम. सी. बालयोगी यांनी त्यांच्या विवेकावर सोपवलं आणि त्यांनी विरोधात मत दिलं. दुसरे नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ. त्यांनी पक्षादेश मोडून विरोधात मत दिलं.

पण एका मतावर बोट ठेवणं मला पटत नाही. विरोधातल्या 270 पैकी प्रत्येक मताचं वजन तेवढंच होतं. समसमान मतं पडली असती, तर मात्र निर्णायक मत अध्यक्षांचं, म्हणजे तेव्हा सरकारला पाठिंबा देणाऱ्या तेलुगू देसमच्या बालयोगींचं, ठरलं असतं. मित्रपक्ष अध्यक्षपदासाठी का अडून बसतात, हे विचारणाऱ्या वाचकांनाही यात उत्तराचा एक भाग मिळेल. दुसरा भाग असा की पक्षांतराच्या तक्रारींवर पहिला निर्णय अध्यक्षच देतात.

प्रश्न: आम्ही युती पाहून मत दिलं आणि निकालानंतर पक्षाने बाजू बदलली. पक्षांतरबंदी कायदा तिथे का लागत नाही?

कारण घटनेचं दहावं परिशिष्ट खासदाराला त्याच्या पक्षाशी बांधतं, पक्षाला आघाडीशी नाही. एकट्याने पक्षादेश मोडला तर खासदारकी जाऊ शकते. अख्ख्या पक्षाने मित्र बदलले तर कोणाचंच काही जात नाही. तुमचा राग रास्त आहे. पण पक्षांना कायद्याने आघाडीत डांबून ठेवणं धोक्याचं ठरेल, कारण सरकार चुकीच्या वाटेला लागलं तर मित्रपक्षाला बाहेर पडता आलं पाहिजे. माझा आग्रह एवढाच की आघाडीचा करार लेखी असावा आणि शक्यतो मतदानाआधी जाहीर व्हावा. 2004 मध्ये संयुक्त पुरोगामी आघाडीचा किमान समान कार्यक्रम निकालानंतर आला, पण छापील आला. त्यावर बोट ठेवून सरकारला जाब विचारता येत होता.

प्रश्न: ‘बाहेरून पाठिंबा’ देण्यात पक्षाचा फायदा काय?

मंत्रिपदं न घेता पाठिंबा दिला, की सरकारवर वचक राहतो आणि त्याच्या चुकांचं ओझं डोक्यावर येत नाही. देशाला मात्र हा प्रकार महाग पडला आहे. 1979 मध्ये काँग्रेसने (इंदिरा गट) पाठिंबा काढल्यावर चरणसिंह लोकसभेला एकदाही सामोरे न जाता पायउतार झाले. चंद्रशेखर साठेक खासदारांसह काँग्रेसच्या आधाराने पंतप्रधान झाले. राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणाचे दोन पोलीस पाळत ठेवत असल्याच्या आरोपावरून बिनसलं आणि मार्च 1991 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्या तुलनेत डाव्या पक्षांनी 2004 पासून चार वर्षं साथ दिली आणि अमेरिकेशी झालेल्या अणुकरारावर, म्हणजे धोरणाच्या मुद्द्यावर ती सोडली. मनमोहन सिंग यांनी 22 जुलै 2008 रोजी 275 विरुद्ध 256 मतांनी सरकार वाचवलं.

प्रश्न: खासदार नसलेली व्यक्ती पंतप्रधान होऊ शकते का? आणि मित्रपक्षांना हवी तितकी मंत्रिपदं देता येतात का?

पहिल्याचं उत्तर हो. सहा महिन्यांत कोणत्याही एका सभागृहात निवडून यावं लागतं. 1996 मध्ये देवेगौडा शपथ घेताना खासदार नव्हते, नंतर ते राज्यसभेवर आले. दुसऱ्याचं नाही. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीनंतर पंतप्रधानांसह मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या 15 टक्क्यांवर जाऊ शकत नाही, म्हणजे आज 81. जून 2024 मध्ये 72 जणांनी शपथ घेतली, तेव्हा नऊ जागा रिकाम्या ठेवल्या होत्या.