लव्हाळ्यावर मीठ टाकू का?

प्रश्न : ताई, आमच्या घरापुढे छोटीशी बाग आहे, दोन वाफे, जास्वंद आणि एक मोगरा. पाऊस सुरू झाला की वाफ्यात गवत असं माजतं की विचारू नका, मी उपटते आणि आठ दिवसांत परत जैसे थे. मोबाईलवर एक व्हिडिओ आला, मीठ, व्हिनेगर आणि भांड्याचं लिक्विड मिसळून फवारा म्हणे, नॅचरल आहे. करू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अजिबात नको, ती बाटली आधी खाली ठेवा. मीठ नॅचरल आहे हो, पण ते मातीत साठतं, पाण्याबरोबर तुमच्या मोगऱ्याच्या मुळाशी जातं आणि चिकण माती असेल तर ती दगडासारखी घट्ट होते. व्हिनेगरने नुसती वरची पानं करपतात, दोन दिवस आपल्याला बरं वाटतं, खाली सगळं शाबूत. फरशीच्या फटीतलं गवत असेल तर खुशाल उकळतं पाणी ओता, पण वाफ्यात नको, तिथे गांडुळं आहेत.

"आठ दिवसांत परत" वाचलं आणि मला लव्हाळ्याचीच शंका आली, म्हणजे गवतासारखं दिसणारं, जमिनीत गाठी धरणारं तण. देठ दोन बोटांत धरून फिरवून बघा, तीन कडा लागल्या तर तोच. उटण्यातला नागरमोथा म्हणजे याच्याच जमिनीतल्या गाठी. आपण उपटतो तेव्हा पातं हातात येतं, काळी गाठ खालीच राहते, तिच्यापासून दोऱ्यासारखं मूळ निघून पुढे दुसरी गाठ, अशी साखळी असते, आणि कुदळीने खणाखणी केली की साखळी तुटून झोपलेल्या गाठीपण जाग्या होतात. मी एकदा हुशारी करून काळं प्लास्टिक अंथरलं होतं तर महिन्याभरात याची टोकं प्लास्टिक भोसकून वर आलेली, सुया टोचल्यासारखी!

मग करायचं काय, तर पाऊस उघडून माती वाफशावर आली, म्हणजे ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की एका वेळी एकच वाफा घ्या, काट्याने वीतभर खोल माती उकलून चाळा आणि गाठी वेचून पत्र्यावर कडक उन्हात पसरा, चुकूनही कंपोस्टमध्ये टाकू नका. जे राहील ते उगवणारच, पण मग आठवड्याला कोंब काढत रहायचं, महिनाभर दुर्लक्ष केलंत तर नव्या गाठी धरतात आणि परत पहिल्यापासून. एप्रिल-मेमध्ये वाफा रिकामा ठेवून, पाणी बंद करून माती उलटीपालटी करा, गाठ पूर्ण सुकली की मरते. सावलीही याला सोसत नाही, म्हणून पावसाळ्यात रताळ्याचे वेल दाट सोडा. एका सीझनमध्ये संपेल असं मात्र समजू नका, माझ्याकडे तिसरं वर्ष चालू आहे.

प्रश्न : गच्चीतल्या कुंड्यांत घोळ फार येते, नवीन माती भरली तरी येते. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : खा की! मूगडाळ घालून मस्त भाजी होते. फक्त आधी देठ मोडून बघा, पांढरा चीक आला तर ती घोळ नाही, जमिनीलगत पसरणारी दुधी (भोपळा नव्हे, तण) आहे, ती टाकून द्या. नव्या मातीत बिया बहुतेक कच्च्या शेणखतातून येतात, खत चांगलं कुजलेलं, मातीसारखा वास येणारं घ्या. वरून दोन इंच पालापाचोळा नाहीतर नारळाच्या शेंड्या पसरा, घोळीच्या बारीक बियांना उजेड लागतो, तो मिळाला नाही की उगवण कमी होते. खोडाला चिकटवू नका पण, बोटभर जागा सोडा, नाहीतर पावसात खोड कुजतं आणि मग मलाच पत्र येईल.