होशेय आणि पौल: राजे देवाचे की माणसांचे?

बायबलच्या जुन्या करारातल्या होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात, 8:4 मध्ये (अध्याय 8, वचन 4), देवाची तक्रार, ‘राजे नेमले, मला न विचारता’. नव्या करारात पौलाने रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात, रोमकरांस 13:1 मध्ये, प्रत्येक सत्ता देवाकडूनच. विरोध आहे, पण वाटतो तेवढा नाही. होशेयसमोर इस्राएलच्या राजवाड्यातले खून होते: जखऱ्या राजाला मारून शल्लूम गादीवर बसला, महिन्याभरात तोही मारला गेला. असल्या गादीला देवाची पसंती कशी असेल? आणि तोच होशेय 13:11 मध्ये देवाच्या तोंडी घालतो, ‘रागाच्या भरात राजा दिला’. म्हणजे देणं वेगळं, पसंती वेगळी. आम्हा फोंड्याकडच्या कीर्तन ऐकणाऱ्यांना हे नवं नाही. राजा विष्णूचा अंश, तरी पुराणातल्या उन्मत्त वेन राजाला ऋषींनी नुसत्या हुंकाराने मारलं! पौलाचं वाक्य मात्र 13:6-7 पर्यंत वाचा, तिथे मुद्दा कर भरण्याचा आहे.