परसबागेची सुरुवात मेथीने करा

सर, दुसरीच्या वर्गासोबत शाळेत परसबाग करताय, तर पहिल्याच वर्षी टोमॅटो-वांगी नकोत; दोन-तीन महिने थांबण्याइतका दम या पोरांना नसतो. मेथी लावा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगवते, महिन्याभरात काढणीला येते. वाफा दोन हातच रुंद ठेवा, म्हणजे मुलं दोन्ही बाजूंनी मधोमध पोचतात, वाफ्यात पाय पडत नाही. बी रात्रभर भिजवून अर्ध्या पेराइतकंच खोल पेरा, ओळींत वीतभर अंतर ठेवा.

कोवळी रोपं माना टाकतात ती बहुधा जास्त पाण्याने. झारी प्रत्येकालाच हवी असते! पाळ्या लावा. माती बोटाला ओली लागली तर त्या दिवशी झारीला सुट्टी.

भाजी निवडणं-धुणं मुलांकडे, गॅस मोठ्यांकडे. मीठ मात्र पाला खाली बसल्यावरच घाला. कढईभर मेथीची वाटीभर भाजी होते, आधीचा अंदाज हमखास खारट निघतो.