वाचक विचारतात : ते आले नाहीत, मग आपण का जायचं?

प्रश्न : मावशी, जय ख्रिस्त. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, वणीकडे. आमच्या ख्रिस्ती मंडळीची 14 घरं, आधी सगळे एकाच ठिकाणी उपासनेला बसायचो. दोन वर्षं झाली, 6 घरं वेगळी निघाली, त्यांचं म्हणणं की लहानपणी पाणी शिंपडून झालेला बाप्तिस्मा, म्हणजे मंडळीत घेण्याचा पाण्याचा विधी, खरा नाही, मोठेपणी नदीत बुडूनच घ्यायला पाहिजे. मागच्या पावसाळ्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना आमच्या यांना विषबाधा झाली, 9 दिवस दवाखान्यात होते, त्या 6 घरातलं एक माणूस फिरकलं नाही, माझे सख्खे दीर पण त्या न आलेल्यातच. शेजारची बौद्ध बाई रोज डबा घेऊन यायची, न्यायला-आणायला पाटलाच्या पोरानं गाडी दिली. आता दिराचा एक बैल मेला आन पेरणी तोंडावर आहे. हे म्हणतात आपली जोडी देऊ, मी म्हणते कशाला द्यायची? माझं चुकते का?

उत्तर : ताई, जय ख्रिस्त. तुम्हाला राग आला यात काही चुकलं नाही. 9 दिवस नवऱ्याच्या उशाशी बसून दाराकडे पाहणं काय असते ते मला माहीत आहे, मी पण बसली आहे तशी. म्हणून "जाऊ द्या, विसरून जा" असं मी म्हणणार नाही. आणि त्या डबा आणणाऱ्या बाईचं नाव घेऊन तुमच्या उपासनेत एकदा सगळ्यांसमोर देवाचे आभार माना, ते राहिलं असेल तर आधी ते करा.

आता बाप्तिस्म्याचं. हे भांडण तुमच्या गावातच सुरू झालं असं समजू नका. पहिल्या काळात ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या मंडळीत लोक आपापल्या पुढाऱ्याचं नाव घेऊन म्हणायचे मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा, तेव्हा पौलानं लिहिलं की बरं झालं मी तुमच्यातल्या क्रिस्प, गायस आन स्तेफनाच्या घरच्यांशिवाय कोणाला बाप्तिस्मा दिला नाही, नाहीतर माझ्या नावाचाच बाप्तिस्मा झाला म्हटलं असतं. विचार करा, इतका मोठा प्रेषित, पण बाप्तिस्म्यावरून माणसं फुटू नये याची त्याला किती काळजी!

आन लांब कशाला जायचं, आपल्या नागपूरचंच पाहा ना. 29 नोव्हेंबर 1970 ला 6 वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, ते नागपूरलाच. त्यात लेकरांचा बाप्तिस्मा करणारे होते आन फक्त समजत्या वयात पाण्यात बुडवणारे बॅप्टिस्ट, ब्रेदरन पण होते. 1929 पासून बोलणी चालू होती म्हणजे 40 वर्षं, आन शेवटी ठरलं काय तर दोन्ही पद्धती चालतील, कोणी कोणाला खोटं ठरवायचं नाही. सगळं गोडीगोडीत झालं असं पण नाही, मेथडिस्ट पंथाचा एक मोठा गट अगदी शेवटच्या घडीला मागे सरला. तरी बाकीचे थांबले नाहीत. तुमच्या 14 घरांना दोन वर्षंच झाली आहेत, एवढ्यात आशा सोडायची नसते.

पण ताई मला वाटते तुमचं खरं दुखणं बाप्तिस्मा नाहीच, भाकर आहे. कोण आलं, कोण नाही आलं. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत पण पहिली कुरकुर याच्यावरूनच झाली, रोजच्या अन्नाच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना वगळते म्हणून (प्रेषितांची कृत्ये, 6 वा अध्याय). तेव्हा प्रेषितांनी "प्रेमानं राहा" असं भाषण देऊन त्यांना वाटेला लावलं नाही, त्यांनी 7 माणसं निवडायला लावली, आन त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुतेक त्यांच्याच हातात वाटप दिलं! मला हा अध्याय फार आवडते, कारण यात एकी म्हणजे नुसती भावना नाही, कोण कोणाच्या घरी डबा नेईल ते ठरवणं आहे.

म्हणून माझं म्हणणं, जोडी द्या. पण मुकाट्यानं देऊ नका. मत्तय 18 मध्ये प्रभू म्हणतो की भावानं अपराध केला तर एकट्यात जाऊन त्याला सांग. तुमच्या यांनीच जावं, दोघं भाऊ धुऱ्यावर बसतील आन हे सरळ म्हणतील की बापू, मी 9 दिवस पडलो होतो, तू आला नाहीस, मला लागलं ते. दिरांना त्यांच्या नव्या पाळकानं (धर्मगुरूनं) अडवलं होतं की लाज वाटली की काय, ते तिथंच समजेल. हे न बोलता बैल दिले तर तुमच्या मनात ते उसनवारीसारखं राहील, आन बैल न देता नुसतं बोलले तर ते भांडण होईल.

आन आधी आपलं वावर पेरून घ्या, हे मी मुद्दाम सांगते. पौलानं यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी मागताना साफ लिहिलं आहे की दुसऱ्याला आराम आन तुमची ओढाताण असं नको, सारखेपणा पाहिजे (2 करिंथ, 8 वा अध्याय). पहिल्या पावसाची ओल किती दिवस टिकते ते मला नका सांगायला लावू. तुमचं झालं की दुसऱ्या दिवशी पहाटे जोडी त्यांच्या दारात.

प्रश्न : बायबलात पौलाच्या गलतीकरांस पत्रात 6:2 ला म्हणते "एकमेकांची ओझी वाहा" आन 6:5 ला म्हणते प्रत्येकानं आपला भार आपणच वाहावा. मग खरं काय? आमच्या तरुण संघाच्या वर्गणीच्या डब्यातून एक भाऊ दरवर्षी पैसे नेतो, परत करत नाही.

उत्तर : दादा, मूळ ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. पहिला बारोस, म्हणजे दाबून टाकणारं वजन, दुसरा फॉर्तिऑन, म्हणजे ज्याचं त्यानं न्यायचं गाठोडं. बंडी चिखलात फसली तर सगळ्या गावानं खांदा द्यायचा, पण आपल्या वेचलेल्या कापसाचं गाठोडं आपणच डोक्यावर घ्यायचं, तसं. त्या भावाची बंडी खरंच फसली आहे की तो गाठोडं टाकून चालला, ते डब्याजवळ बसून ठरत नाही. दोघं जण त्याच्या घरी जा, चहा घ्या, सावकाराचं किती आहे ते विचारा. बँकेचं कर्ज थकलं असेल तर कागद घेऊन सोबत जा, पुढचा हप्ता डब्यातून द्यायचा की नाही ते तिथून आल्यावर बोलू.